धावपट्टीची पाहणी

६ मे

दुपारच्या विमानाने सव्वीस जण गेले. बेटावर आता आम्ही अकरा. माझ्या खोलीतली मालैसुद्धा गेली. जाताना स्वतःची उशी मला देऊन गेली, जशी काही इथे उशांचीच टंचाई आहे. एकशे वीस खाटा आहेत माझ्या ताब्यात.

हॉलिस साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात बसवून आधीच समजावलं होतं. विमानतळ बंद होत नाहीये, फक्त झोपणार आहे. लष्कराला लागेल तेव्हा तासाभरात जागा झाला पाहिजे. धावपट्टी साफ, दिवे चालू, टाकीत इंधन आणि खाटांवर धुतलेल्या चादरी. कोण कधी येईल ते सांगता येत नाही, कदाचित कुणीच येणार नाही. मग विचारलं, राहायला कोण तयार आहे? माझा हात वर गेला.

ओरनला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू तर या महिन्यात येणार होतीस." मी म्हटलं, इथे माणसं कमी पडतायत. ते खोटं नाही. पण बँकॉकपलीकडे यासोथोनला, गावी जाऊन सकाळी उठल्यावर काय करायचं, हे मी ठरवून ठेवलेलं नव्हतं. ते तिला सांगितलं नाही.

९ मे

सोमवार म्हणजे नळ. चारही बराकींतल्या प्रत्येक खोलीतला नळ सोडायचा आणि थोडा वेळ वाहू द्यायचा. पाणी नळात उभं राहिलं की सडतं, त्यातून छातीचा आजार होतो म्हणतात. आधी नळ नुसता खोकतो, मग गंजाचं पाणी येतं, मग साफ. रिकाम्या खोलीत शिरताना माझ्या तोंडून सवयीने निघतंच, "जेवलात का?" पूर्वी निदान मालै पलीकडच्या खोलीतून हसायची.

१४ मे

सकाळी थोंगसुक बराकीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. धावपट्टीची पाहणी त्याच्याकडे असते. आमच्याच देशातला, सुरिनचा आहे, बायको वारलेली, मुलगा गावी. दोन वर्षांपूर्वी इथे आला, पण आमचं बोलणं दहा वाक्यांपलीकडे कधी गेलं नव्हतं. म्हणाला, माणसं कमी केल्यापासून साहेबांचा नियम आहे, धावपट्टीवर गाडी न्यायची तर दोघं पाहिजेत. देचाला जनरेटर सोडता येत नाही आणि चरूनला चूल. "तू येशील का, रिन? सकाळी थोडा वेळ?"

मी म्हटलं, येईन दादा.

तीन किलोमीटर काँक्रीट आणि दोन्हीकडे समुद्र. गाडी एवढी हळू चालवतो की शंखातले खेकडेसुद्धा बाजूला व्हायची घाई करत नाहीत. मी दिसेल ते सांगायचं. खडा, पीस, तारेचा तुकडा. तो थांबतो, मी उतरून उचलते आणि डब्यात टाकते. जेट विमान समोरून हवा ओढतं, हवेबरोबर खडा ओढला गेला की इंजिन गेलं, असं त्याने समजावलं. एवढ्या मोठ्या यंत्राला एवढासा खडा पुरतो.

२१ मे

रोज जाते. थोंगसुक फार बोलत नाही, पण विचारतो. सांग काय दिसतं. आज पाणी कुठल्या रंगाचं आहे? सुरूच्या झाडांवर पक्षी बसलेत का? एवढं सांगावं लागतं की मलाच काही गोष्टी पहिल्यांदा दिसतात. लाटेची कड हिरवी असते आणि ती फुटायच्या आधी क्षणभर काचेसारखी होते, हे मी चार वर्षांत बघितलंच नव्हतं.

प्रसोंगशी माझा बावीस वर्षांचा संसार झाला. माणूस चांगला होता. पण तुला काय दिसतं, असं त्याने मला कधी विचारलं असेल तर आठवत नाही. भात झाला का, एवढंच विचारायचा.

३ जून

आज तोंडाला पावडर लावली. गाडीत बसायच्या आधी चरूनने पाहिलंच. चरून आमचा आचारी, बेटावरची सगळी बातमी त्याच्या खलबत्त्यात कुटली जाते. पपई कुटता कुटता म्हणाला, "ताई, धावपट्टी तर रोज तीच असते. मग आज नटणं कुणासाठी?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, एवढं नक्की.

थोंगसुक म्हणाला, "पिवळा रंग शोभतो तुला." मी पांढरा सदरा घातला होता. पुरुषांना रंग कुठे कळतात! पण शोभतो म्हणाला.

१२ जून

संध्याकाळी दिव्यांची तपासणी असते. धावपट्टीच्या दोन्ही कडांचे दिवे लावायचे आणि विझलेले शोधायचे. ते काम देचा करतो. आज थोंगसुकही आला आणि मला म्हणाला, तूही चल. आम्ही टोकाला उभे होतो. दिवे लागले तेव्हा तो म्हणाला, "प्रत्येक दिव्याभोवती झेंडूएवढं वलय दिसतं मला. तुला दिसतं?"

मला नुसते दिवे दिसत होते. पण मी हो म्हटलं. माणूस एरवी चार शब्द बोलत नाही, आणि बोलला तर असं बोलतो. परत येताना म्हणाला, आज चंद्रही दोन आहेत. मी ओढणी सारखी करत चालत राहिले.

१९ जून

जेवताना थोंगसुक मला रस्सा वाढत होता. वाटी भरली, वाहिली, टेबलावर ओघळ आला तरी हा ओततोच आहे. सगळे हसले. चरून म्हणाला, लक्ष कुठे आहे दादांचं! थोंगसुकचे कान लाल झाले. माझेही झाले असणार.

दादा हा शब्द आमच्यात फार सोयीचा आहे. मोठ्या भावाला चालतो, शेजाऱ्याला चालतो, नवऱ्यालाही चालतो. प्रसोंगला मी शेवटपर्यंत दादाच म्हणत होते.

१४ जुलै

आज वर्षावासाचा, भिक्खूंच्या चातुर्मासाचा, पहिला दिवस. साहेबांनी सुट्टी दिली. टेकाडावरच्या आपल्या छोट्या देवळात मेणबत्ती लावली, बुद्धाला फुलं वाहिली, बाहेर जागेच्या राखणदारासाठी बांधलेल्या भूतघरात लाल सरबताची बाटली ठेवली. भिक्खू नाही, म्हणून चरूननेच आठवतील ते मंत्र म्हटले आणि मध्येच विसरला.

खाली येताना पायऱ्यांवर थोंगसुकने माझं कोपर धरलं. सगळ्यांसमोर! शेवटच्या पायरीपर्यंत सोडलं नाही. उतरल्यावर म्हणाला, "तू होतीस म्हणून बरं झालं."

ओरनला फोनवर सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगून बसले. ती म्हणाली, "चांगला आहे का तो?" मी म्हटलं, हळू गाडी चालवतो. ती हसली.

२ ऑगस्ट

तीन दिवस वारा. वादळ दुरून गेलं तरी खाडीकडच्या टोकाला लाटांनी पोवळ्याचे खडे धावपट्टीवर आणून टाकले. हँगरच्या छपराचा पत्रा उचकटला. झाडू मारायच्या गाडीचा ब्रश मोडला, नवा भाग यायला दोन महिने लागतील. तोवर हाताने.

आम्ही दिवसभर खडे वेचत होतो. थोंगसुक गुडघ्यांवर बसून काँक्रीटचे सांधे हाताने चाचपत होता, जसं कुणी अंधारात पडलेली सुई शोधावी. मी म्हटलं, दादा, एवढं वाकू नका, मी बघते. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला. म्हणाला, "तू बघ. तू बघतेस तेच बरं."

रात्री पाठ दुखत होती. एकटीने स्वतःच्या पाठीला बाम लावता येत नाही. मालैची आठवण आली.

२० ऑगस्ट

काही घडलं नाही. नळ झाले, गाद्या उलटल्या, ब बराकीत एका भिंतीला बुरशी. पुसली. बेटावर कुणी आलं नाही, समुद्रावर जहाज दिसलं नाही. कधी कधी वाटतं, आम्ही अकरा जण कुणासाठी थांबलोय ते लोक आम्हाला विसरून गेलेत. मग सकाळ होते आणि गाडीचा भोंगा वाजतो.

१ सप्टेंबर

थोंगसुक काहीच का बोलत नाही? मी चोपन्नची आहे, तो अठ्ठावन्नचा. आमच्या वयाला लाजायचं काय उरलंय? त्याच्याशी वाट बघण्याची पैज लावली तर मी हरेन.

चरून म्हणतो, ताई, तुम्हीच विचारा. मी म्हटलं, तू कांदा चीर.

१४ सप्टेंबर

कालचं लिहायला आज बसले आहे. काल वही उघडता आली नाही.

सकाळी पावसाची जोरदार सर येऊन गेली होती, त्यामुळे पाहणी राहिली होती. थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर हॉलिस साहेबांचा आवाज. सहा लढाऊ विमानं समुद्र ओलांडून चालली आहेत. त्यांना हवेतच इंधन पाजणारं मोठं विमान बरोबर आहे, पण त्याची नळी बिघडलीये. उतरायला त्यांच्या जवळपास फक्त आपणच. तासाभरात उतरतील. सहाही एका इंजिनाची आहेत, पोटातलं इंधन संपत आलेलं, दुसरीकडे कुठे जाता येणार नाही.

चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरंच येत होतं. देचा इंधनाकडे पळाला. बाकीचे आगीच्या बंबाकडे. चरूनने एकदम तीन चुली पेटवल्या. मला साहेबांनी सांगितलं, वीस खाटा तयार ठेव. थोंगसुकला सांगितलं, धावपट्टी बघून साफ आहे असं मला कळव.

मी अ बराकीत चादरी टाकत होते. दारात खडबड झाली. थोंगसुक. माझ्या पाण्याच्या बादलीला अडखळून पडता पडता राहिला. तो बराकीच्या आत कधी येत नसे. म्हणाला, चल.

मला राग आला. खरंच आला. गेले चार महिने हा माणूस तोंड उघडेना, आणि आज, जेव्हा एकदाचं माझं काम खरं काम झालं होतं, तेव्हा याला मी शेजारी बसायला हवी. मी चादर झटकत म्हटलं, "आज नाही दादा. आज फिरायला वेळ नाही. नियमाचं एक दिवस राहू दे."

तो गेला नाही. दार धरून उभा राहिला.

"रिन, मला दिसत नाही."

मी म्हटलं, काय दिसत नाही?

"धावपट्टी. गेलं वर्षभर. मोठं असेल ते दिसतं, रंगाचा डाग दिसतो. खडा दिसत नाही. तू सांगतेस म्हणून चाललंय."

माझ्या हातात चादरीची दोन टोकं होती. ती मी नीट दुमडून खाटेवर ठेवली, हे मला आठवतं. का ठेवली कोण जाणे. मग आम्ही पळालो.

मी गाडीच्या मागच्या हौद्यात उभी राहिले. दिसलं की टपावर थाप मारायची, तो ब्रेक दाबायचा, मी उडी टाकायची. खाडीच्या टोकाला सरीने परत खडे आणले होते. मधल्या भागात सांध्यातून काँक्रीटची खपली सुटून आडवी पडली होती, तळहाताएवढी. ती उचलताना तिच्याखाली आणखी चुरा. तो मी ओढणीने गोळा केला. थोंगसुक माझ्या बाजूला गुडघ्यांवर, दोन्ही तळवे काँक्रीटवर फिरवत, जिथे मी म्हणेन तिथे. पुढे हँगरच्या पत्र्याची पट्टी, चकाकत पडलेली. ती तर आंधळ्यालाही दिसली असती असं माझ्या मनात आलं आणि मी त्याच्याकडे न बघता ती उचलली.

परत फिरून दुसरी बाजू. साहेब वॉकीटॉकीवर विचारत होते, साफ आहे का, साफ आहे का? थोंगसुक माझ्याकडे तोंड करून बसला होता. मी म्हटलं, अजून शेवटचा भाग. तो साहेबांना म्हणाला, अजून शेवटचा भाग. मी साफ म्हटल्यावर तो साफ म्हणाला. त्याचा आवाज, माझे डोळे.

गाडी धावपट्टीवरून बाहेर काढली तेव्हा क्षितिजावर ठिपके दिसत होते. एकामागून एक उतरली. आवाजाने सुरूची झाडं हलत होती. सहावं उतरल्यावर त्याच्या मागून ते मोठं विमान. कुणाला काही झालं नाही.

थोंगसुक गाडीतच बसून होता. किती उतरली, त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळी.

१५ सप्टेंबर

वैमानिक गेले. नळी दुरुस्त करून, इंधन घेऊन. दोन रात्री माझ्या बराकीत माणसं झोपली, घोरली, अंघोळी केल्या, नळांना खोकायला वेळ मिळाला नाही. एक मुलगी होती वैमानिकांत, ओरनच्या वयाची. काल दुपारपर्यंत झोपली. गालावर प्राणवायूच्या मुखवट्याचा वळ. जाताना माझे हात धरून काहीतरी लांबलचक बोलली. मला निम्मं कळलं. तिला वाटत होतं मी फक्त चादरी टाकल्या.

आज वीस चादरी काढून धुतल्या. दोरीवर घातल्या तेव्हा कालच्यापेक्षा शांत वाटलं, आणि ते बरं नाही वाटलं.

१६ सप्टेंबर

साहेबांनी सगळ्यांसमोर थोंगसुकशी हात मिळवला. तुझ्यामुळे सहा विमानं वाचली म्हणाले. आणखी एका वर्षाचा करार देतो म्हणाले. थोंगसुक मान खाली घालून उभा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वाजले.

नंतर गाडीत तो म्हणाला, "आणखी एक वर्ष. तू आहेस ना?"

हे वाक्य ऐकायला मी जूनपासून पावडर लावत होते.

१७ सप्टेंबर

रात्रभर एकेक आठवत होतं. पिवळा सदरा. झेंडूएवढं वलय. दोन चंद्र. वाटी. देवळाच्या पायऱ्या. मी किती मूर्ख असावं! मी ओरनला सांगितलं. चरूनला हसू दिलं. कोपर धरलं म्हणून आठवडाभर गाणी म्हटली, आणि त्याला फक्त पायरी दिसत नव्हती.

१८ सप्टेंबर

त्याला विचारलं, डॉक्टरकडे का गेला नाहीत? मोतीबिंदू असेल, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट काढतात. तो म्हणाला, आईचा असाच काढला होता. गावात शिबिर आलं होतं. एक डोळा परत आलाच नाही. ती पुढे नऊ वर्षं जगली, ओसरीवर बसून. कुणी समोरून गेलं की विचारायची, कोण आहे? लोक उत्तर द्यायला कंटाळले.

मी हातातला खडा डब्यात टाकला.

"इथे मी कामाचा आहे," तो म्हणाला. "तिथे सुनेच्या ओसरीवर."

मला ते कळलं. मी स्वतः घरी का जात नाही हे त्याला सांगितलं असतं तर साधारण असंच काही सांगितलं असतं. पण डोळ्यांसमोरून ती मुलगी जात नव्हती, गालावर वळ असलेली. मंगळवारी मी रागाने चादरच झटकत राहिले असते तर? किंवा तापाने पडले असते तर? त्याने साफ म्हटलं असतं. त्याने ते या आधी किती वेळा म्हटलं असेल, मी गाडीत नसताना?

मी म्हटलं, शुक्रवारच्या विमानाच्या आत तुम्ही साहेबांना सांगा. नाहीतर मी सांगेन.

त्याने गाडी सुरू केली. मी सांगत गेले, खडा, पीस, काही नाही, काही नाही.

२२ सप्टेंबर

त्याने सांगितलं नाही. मी सांगितलं.

हॉलिस साहेब खुर्चीत मागे रेलून ऐकत राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, साहेब, दोघं गाडीत असायचा तुमचा नियम होता म्हणून निभावलं.

ते म्हणाले, "कसला नियम? मी असा नियम केलेला नाही."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो मंगळवारी गाडीत एकटा असेल असं मला वाटत होतं, मिस रिन."

२३ सप्टेंबर

थोंगसुक दुपारच्या विमानाने गेला. एक पिशवी. बाकीचे नऊ जण निरोपाला गेले होते. मी लांब उभी होते. तो चढण्याआधी वळला, बेटाकडे तोंड करून थांबला. मी हात केला नाही. केला असता तरी त्याला दिसला नसता. हे मला विमान उडाल्यावर सुचलं, की मी हाक मारू शकले असते.

३० सप्टेंबर

साहेबांनी माझे डोळे तपासले. दूरची अक्षरं वाचून घेतली, मग रंग. धावपट्टी आता माझ्याकडे. नळही माझ्याकडेच. पगार वाढला. ओरन म्हणाली अभिनंदन. मग म्हणाली, आणि तो? मी म्हटलं, तसं काही नव्हतंच.

चरून माझ्याशी नीट बोलत नाही. रस्सा वाढतो आणि वळतो. आज म्हणाला, "दादांच्या पोटावर पाय आणलात, ताई." मी म्हटलं, हो. त्याला वाटलं होतं मी काहीतरी सफाई देईन.

१६ ऑक्टोबर

गाडीत एकटी असताना कुणाला सांगायचं नसतं, तरी तोंडातून निघतं. पाणी आज राखाडी. पक्षी नाहीत. मग गप्प बसते.

एक कळत नाही. मला सगळी पाहणी करायला पूर्वीच्या निम्मा वेळसुद्धा लागत नाही, आणि मी काळजीपूर्वक करते. देचाला म्हटलं, डोळ्यांमुळे बिचारा किती हळू चालवायचा. देचा म्हणाला, "छे. तुम्ही यायच्या आधी दादा तुमच्यापेक्षाही लवकर उरकायचे. मेपासूनच वेळ लागायला लागला." मी म्हटलं, मेपासून डोळे जास्त बिघडले असतील. देचाने माझ्याकडे बघितलं आणि जनरेटरचं झाकण लावायला लागला.

८ नोव्हेंबर

कार्तिकी पौर्णिमा, दिवे सोडायचा सण. इथे केळीचे खांब नाहीत, चरूनने पावाचे द्रोण केले. खाडीत सोडले. माझा लगेच बुडाला. चरूनने न बोलता स्वतःचा माझ्या हातात दिला. म्हणजे आमचं मिटलं असावं.

दिवा सोडताना काय मागितलं ते लिहीत नाही.

२० नोव्हेंबर

जेवणानंतर कार्यालयातून हाक आली, फोन आहे. ओरन असेल म्हणून गेले. थोंगसुक होता.

म्हणाला, दोन्ही डोळे झाले. आधी उजवा, तीन आठवड्यांनी डावा. भूल दिली तेव्हा आईचं नाव घेत होता म्हणे, नर्सनी सांगितलं. पट्टी काढली तर समोरच्या भिंतीवर पाल, तिची बोटंसुद्धा दिसली. घरी येताना बसच्या खिडकीतून शेतं एवढी हिरवी होती की त्याला वाटलं कुणी रंगवली.

मी म्हटलं, बरं झालं दादा.

"तुझ्यावर राग होता," तो म्हणाला. "अजून थोडा आहे. तूच सांगायला नको होतं. मी सांगायला हवं होतं. म्हणून राग."

त्यानेच विचारलं, पाहणी कोण करतं? मी म्हटलं, मी. मग त्याने धावपट्टीची सगळी चौकशी केली, जणू गावी ठेवलेल्या म्हशीची करतोय. मधल्या भागातला सांधा भरला का? ब्रश आला का? मी एकेक सांगत गेले. त्यात बराच वेळ गेला. मागे कोंबडा ओरडत होता, सुनेचा आवाज येत होता, भांडी वाजत होती. भरलेलं घर ऐकू येत होतं.

मग म्हणाला, "डिसेंबरात तुझा करार संपतो ना?"

मी म्हटलं, सोळा तारखेच्या विमानाने निघेन. खरं तर साहेबांनी मुदत वाढवायला विचारलंय आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही.

"बँकॉकला न्यायला कोण येणार?"

"ओरन."

"तिला सुट्टी मिळेल?"

"मिळेल."

तो म्हणाला, बरं. मागे पुन्हा कोंबडा ओरडला. मग म्हणाला, "सुरिनहून बँकॉकला रात्रीची गाडी असते. पहाटे पोचते. मी असंच सांगतोय." आणि काळजी घे म्हणून फोन ठेवला.

खोलीवर आले. पंखा लावला. "मिळेल" असं का म्हटलं मी? ओरनला तर तारीखसुद्धा सांगितलेली नाही. तिला सुट्टी असेल की नसेल, मला काय ठाऊक? चार महिने जे त्या माणसाच्या मनात नव्हतं ते मी त्याच्या तोंडी घातलं, आणि आज तो स्वतःहून एक वाक्य बोलला तर मी झटकून टाकलं, त्या चादरीसारखं.

पंचवीस तारखेच्या विमानाबरोबर मुदतवाढीच्या कराराचा कागद जायचा आहे. साहेबांना उद्याच नाही म्हणून सांगते. आणि पुढच्या रविवारी फोन मी करणार आहे. ओरनला सुट्टी मिळत नाहीये, असं सांगायचं आहे.